शरूची ओ

शाळेच्या फाटकाशी

मागच्या महिन्यात एका बाईंनी मला मस्कतच्या अल् घुब्रा भागातल्या शाळेबाहेर गाठलं. मराठीच होत्या, नागपूरकडच्या. कडेवर लहान मुलगा होता आणि तो माझ्या गाडीच्या आरशाकडे टक लावून बघत होता. कुणीतरी त्यांना माझं नाव सांगितलं होतं. ओळख-पाळख काही न करता त्यांनी थेट विचारलं, "तुमच्या मुलीच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये काय निघालं होतं?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा पडला. दुसरं कुणी असतं तर चक्रावलं असतं, की काही निघालं नाही यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? मला मात्र तो चेहरा ओळखीचा होता. काही वर्षांपूर्वी तो माझाच होता. भर उन्हात आमचं पाच मिनिटं बोलणं झालं, मुलगा रडायला लागला, त्या गेल्या. घरी आल्यावर वाटलं, उरलेलं लिहून काढावं.

मी डॉक्टर नाही. ऑटिझम म्हणजे काय, हे सांगणारी माझ्याहून शहाणी माणसं पुष्कळ आहेत. त्याला आजार म्हणू नये, हेही आता मला पटलंय. पण तेव्हा आमच्या घरात आलं होतं ते आजारपणच होतं. तसेच दवाखान्याचे फेरे, तसेच नातेवाइकांचे फोन, तशीच न लागणारी झोप. आजारी कोण होतं, ते मात्र मला आजही नीट सांगता येणार नाही.

कावळ्याचा नंबर

महेश, माझा नवरा, मालवणजवळच्या एका गावचा. मस्कतला एका कंपनीत इलेक्ट्रिकल सुपरवायझर आहे. मी साताऱ्याची. आमच्या माहेरी बोलण्याला तोटा नाही. माझे वडील भाजी घ्यायला जायचे आणि भाजीवाल्याच्या सोयरिकी जुळवून परत यायचे. लग्न झाल्यावर महेशच्या घरची मालवणी ऐकून मी विचारलं होतं, "तुम्ही लोक भांडताय की गाताय, ते एकदा सांगा, म्हणजे तसं तोंड करून बसते."

शर्वरी झाली तेव्हा आम्ही ठरवलं, बापाने मालवणी बोलायची, आईने मराठी. पोरीला दोन्ही येईल. आणि यायलाही लागलं होतं. दीड वर्षाची असताना ती 'पापा' म्हणायची, 'दे' म्हणायची, आणि सगळ्यात स्पष्ट म्हणायची 'काऊ'. मस्कतमध्ये कावळ्यांना कमी नाही. खिडकीवर कावळा बसला की शरू बोट करायची, "काऊ!" 'आई' अजून यायचं होतं. माझ्याआधी कावळ्याचा नंबर लागला म्हणून मी तिच्यावर लटकंच रुसायचे.

मग ते शब्द गेले. एका दिवसात नाही गेले. कोणता आधी गेला, हेही मला आठवत नाही आणि त्याची हळहळ अजून वाटते. एवढंच आठवतं, की एका सकाळी कावळा खिडकीत बसून ओरडून ओरडून उडून गेला आणि घरात कुणी काहीच बोललं नाही.

त्यानंतर ती हाकेला ओ देईनाशी झाली. शरू, शरे, ए शर्वरी, ए भवाने! सगळ्या हाका मारून झाल्या. ती एसीखाली उभी राहून वर बघत असायची, त्याचा गुणगुणाट ऐकत. आमच्याकडे साताऱ्यात हाकेला ओ दिली नाही तर पाठीत धपाटा बसायचा. इथे धपाटा घालणार कुणाला? ती ऐकतच नव्हती असंही नाही. आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा फोडला की धावत यायची. कानाची तपासणी झाली, कान उत्तम निघाले. बिस्किटाच्या पुड्याला ओ होती, मला नव्हती.

निदानाचा दिवस

ओमानची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची बदलून शुक्रवार-शनिवारची झाली, त्याच सुमाराची ही गोष्ट. सगळ्या मस्कतला कोणता वार आहे ते कळेना, आणि आम्हालाही.

डॉक्टर सुदानच्या होत्या. उंच, सावळ्या, हळू बोलणाऱ्या. त्या शरूबरोबर सतरंजीवर बसल्या, खेळणी मांडली, फुगे सोडले, तिला नावाने हाक मारली. शरूने त्यांच्याकडेही बघितलं नाही. खरं सांगते, मला क्षणभर बरं वाटलं. म्हणजे मला एकटीलाच ओ देत नाही असं नाही.

मग त्यांनी आम्हाला समोर बसवून तो शब्द उच्चारला. खोलीत एक पाण्याचं मशीन होतं, ते मधेच बुडबुडलं. शरू त्याच्याकडे धावली. महेशने विचारलं, "कुठे आहे ते?"

"काय कुठे?" डॉक्टर म्हणाल्या.

"फॉल्ट," तो म्हणाला. "डोक्यात नेमका कुठे?"

मला त्याची लाजही वाटली आणि दयाही आली. आयुष्यभर तो फॉल्ट शोधत आलाय. त्याचं म्हणणं असतं, फॉल्ट सापडला की निम्मं काम झालं. डॉक्टर हसल्या नाहीत. आलेले शब्द गेलेत आणि अधूनमधून ती एकटक बघत राहते, म्हणून एकदा एमआरआय करून घेऊ, म्हणाल्या. दुसरं काही नाही ना, याची खात्री करायला. ऑटिझम त्यात दिसत नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. आम्ही दोघांनीही ते ऐकलं नाही. आम्हाला ऐकू आलं ते एवढंच, की डोक्याच्या आतला फोटो निघणार आहे.

झोपलेल्या मुलीला हाका

तेवढ्यात महेशच्या कंपनीने त्याला सूरच्या साइटवर पाठवलं. सूर म्हणजे समुद्रकाठचं जुनं गाव, जिथे अजून लाकडी गलबतं बांधतात. मस्कतहून गाडीने दोन-अडीच तास. सुट्टीला तेवढा तो घरी यायचा. स्कॅनच्या दिवशी त्याला रजा मिळाली नाही. माझ्याबरोबर आली फिलोमिना, आमच्या समोरच्या दारातली. वसईची. एका हॉटेलच्या ऑफिसात कामाला. त्या दिवशी तिने पोटदुखीची थाप मारून सुट्टी काढली होती.

शरूला आदल्या संध्याकाळपासून नीट झोपू द्यायचं नव्हतं आणि सकाळी काही खायला द्यायचं नव्हतं. उपाशी, पेंगुळलेली शरू आणि मी, दोघी रडायच्या बेतात होतो. फिलोमिनाने शरूला घेतलं आणि कॉरिडॉरमध्ये एसीच्या जाळीखाली जाऊन उभी राहिली. शरू शांत झाली. मी म्हटलं, "तुला कसं कळलं?" तर म्हणे, "अगं, रोज तुझ्या दारातून बघते ना, ती कुठे उभी असते ते."

रहमा नावाची ओमानी सिस्टर होती. तिने शरूला गोड सिरप पाजलं. "माफी मुश्किल, अम्मा," म्हणजे काही अडचण नाही, असं ती मला तिकडच्या अरबीत म्हणाली, आणि मग माझ्यासाठी हिंदीत, "सो जाएगी, कुछ मालूम नहीं पडेगा." शरू माझ्या खांद्यावर झोपली. तिला चाकांच्या स्ट्रेचरवर ठेवलं आणि आत न्यायला थोडा वेळ होता.

तेव्हा मी एक वेडेपणा केला. तिच्या कानाशी वाकून तिला हाका मारल्या. शरू, ए शरू, माझी शरुली. झोपलेल्या मुलीने ओ दिली नाही तर वाईट वाटत नाही. कितीतरी दिवसांनी मी तिला मनसोक्त हाका मारून घेतल्या. रहमाने घाई केली नाही. ती पडदा सारखा करत उभी राहिली.

बाहेर बसल्यावर फिलोमिनाने माळ काढली आणि डोळे मिटले. मीही हात जोडले. काय मागितलं ते सांगते, कारण फाटकाशी भेटलेल्या त्या बाईही तेच मागत असणार. मी मागितलं, 'काहीतरी निघू दे.' गाठ असू दे, सूज असू दे, रक्त साकळलेलं असू दे, पण दिसू दे. जे दिसतं ते काढता येतं. पोटच्या पोरीच्या डोक्यात काहीतरी निघावं म्हणून कुठली आई देवाला हात जोडते? मी जोडले होते.

फिल्ममध्ये काय होतं

रिपोर्टच्या दिवशी महेश आला होता. डॉक्टरांनी ती मोठी काळी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. शरूचा मेंदू. ओळीने लहान-लहान चित्रं, सगळ्यांमध्ये ती थोडी-थोडी. मुलीचे बाळपणीचे फोटो पाहावेत तशी मी पाहत राहिले.

"सगळं व्यवस्थित आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"मग ती बोलत का नाही?" महेशचा आवाज चढला. "इंटरनेटवर लिहिलंय, या मुलांचा मेंदू वेगळा असतो. मोठा असतो, काही भाग जाड असतात. मग यात दाखवा ना!"

डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. त्यांनी जे सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. अभ्यास करणारे लोक पुष्कळ मुलांचे असे फोटो काढतात, एकीकडे ऑटिझम असलेली, दुसरीकडे नसलेली, आणि सगळ्यांचं मिळून गणित मांडतात. मग त्यांना फरक दिसतात. लहान वयात काहींचा मेंदू जरा भराभर वाढलेला, काही भागांची जाडी वेगळी, एका भागातून दुसऱ्या भागात जाणारे रस्ते वेगळे. पण हे फरक घोळक्यात दिसतात. एका मुलाची फिल्म हातात घेऊन 'हे बघा, इथे' असं बोट ठेवता येत नाही. बऱ्याच मुलांची फिल्म दुसऱ्या कुठल्याही मुलासारखीच दिसते.

"म्हणजे आहे, पण दिसत नाही," महेश म्हणाला.

"आज आम्हाला दिसत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण फॉल्ट हा शब्द सोडून द्या. तिची जोडणी वेगळी आहे. ती तुम्हाला तिच्याकडूनच शिकावी लागेल."

आम्ही गाडीत बसलो. शरूने मागच्या सीटवर ती फिल्म पाकिटातून ओढून काढली आणि काचेला लावली. तिच्या डोक्यातून ऊन आत आलं. घरी आल्यावर तिने ती खिडकीला लावली, मग दुसऱ्या खिडकीला. आजही तिच्या सगळ्यात आवडत्या वस्तूंमध्ये ती फिल्म आहे. एका कोपऱ्याला दातांचे ठसे आहेत.

एकच भाषा

स्पीच थेरपी सुरू झाली. थेरपिस्ट केरळच्या होत्या, मनापासून कष्ट घ्यायच्या, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, घरात कोणत्या भाषा? आम्ही सांगितलं, मराठी, मालवणी, कामवालीशी हिंदी, टीव्हीवर इंग्रजी. त्यांनी कपाळाला हात लावला. "बिचारीचा किती गोंधळ होत असेल! एकच भाषा ठेवा. शाळा इंग्रजी, थेरपी इंग्रजी, तर घरीही इंग्रजी." आता असा सल्ला सहसा कुणी देत नाही, घरची भाषा सोडू नका म्हणतात. तेव्हा मात्र मस्कतमधल्या आमच्यासारख्या कितीतरी घरांनी तो पाळला असेल. मल्याळी घरांत मल्याळम बंद झाली, तमिळ घरांत तमिळ, आमच्याकडे मराठी.

माझं इंग्रजी बँकेपुरतं. 'सिट, शरू. गिव्ह. लुक ॲट मी. गुड जॉब.' सकाळपासून रात्रीपर्यंत एवढंच. जिभेवर 'अगं माझे बाई' यायचं, ते गिळायचं. आंघोळ घालताना साताऱ्याची आई म्हणायची ती सगळी बडबड मी बंद केली. अंगाई बंद केली. शरू पडली तर 'उप्स' म्हणायचं की 'अगं बाई लागलं का' म्हणायचं, या विचारात ती उठून निघूनही जायची. मुलगी बोलत नव्हतीच, आता आईही मुकी झाली.

मराठी बोलायला मी समोर फिलोमिनाकडे जायचे. लोक साखर मागायला जातात, मी बोलायला जायचे. ती भांडी घासत असायची आणि मी दारात उभी राहून घडाघडा बोलून घ्यायचे. "झालं मन मोकळं?" ती विचारायची. "जा आता, तुझं इंग्लिश उकळायला लागलं असेल."

एक फायदा झाला. आमची भांडणंही इंग्रजीत व्हायला लागली. सुट्टीला आला की महेश म्हणायचा, तुम्ही दोघी गावी जा. मी म्हणायचे, तू सूरची साइट सोड. इंग्रजीत भांडताना शब्द शोधावे लागतात आणि तेवढ्यात राग निघून जातो. नाहीतर त्या वर्षी आमचं काही खरं नव्हतं.

सल्ले तर विचारू नका. गहू बंद करा, दूध बंद करा. उंटावरचे शहाणे मी ऐकून होते, इथे उंटिणीच्या दुधावरचेही निघाले. सासूबाई गावाहून फोन करायच्या. इथे तेव्हा इंटरनेटवरच्या फोनना बंदी होती, त्यामुळे पोरीचा चेहरा बघायची सोय नव्हती, नुसता आवाज. "काय गो, चेडू बोलूक लागला काय?" नाही म्हटलं की जरा वेळ फोनवर समुद्राचा आवाज यायचा. मग म्हणायच्या, "मी देवाक गाऱ्हाणा घातलंय. चेडवाक वाचा दी म्हणान सांगलंय."

गाऱ्हाणं हा कोकणातला प्रकार. देवापुढे एकजण उभा राहून 'म्हाराजा, म्हाराजा' करत एकेक मागणं मांडतो आणि प्रत्येक मागण्यावर जमलेले सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी महेशला म्हटलं होतं, "तुम्ही देवाला कोर्टात उभं करता की रे."

महेश रोज संध्याकाळी सूरहून फोन करायचा. माझ्याशी दोन शब्द, मग म्हणायचा, "शरूच्या कानाला लाव." मी फोन तिच्या हातात देऊन कुकर लावायला जायचे. ती फोन कानाशी दाबून स्तब्ध बसायची. पापाचं 'हाऊ आर यू, व्हॉट डिड यू ईट' चाललं असेल, असं मी धरून चालले होते. ओ तिने त्यालाही कधी दिलेली मी ऐकली नव्हती.

एकदा आम्ही दोघी सूरला गेलो होतो. किनाऱ्यावर एका गलबताचा सांगाडा उभा होता आणि कारागीर एका लयीत खिळे ठोकत होते. शरू वाळूत बसली आणि तिने पाठ माझ्या गुडघ्याला टेकवली. आपणहून. ऊन उतरेपर्यंत मी पाय हलवला नाही. मला किती बोलायचं होतं तिच्याशी! हे बघ गलबत, हे बघ सुतारकाका, तुझ्या पापाच्या गावालाही असाच समुद्र आहे. सगळं मराठीत आलं, आणि सगळं मी गिळलं.

रुवीचा गणपती

मस्कतच्या रुवी भागात तात्या म्हणून एक आहेत. महेशचे गाववाले, कंपनीत फोरमन, ओमानात उभं आयुष्य गेलेलं. त्यांच्या फ्लॅटवर दरवर्षी दीड दिवसाचा गणपती असतो आणि मस्कतमधली कोकणची पोरं तिथे लोटतात. बूट-चपलांचा ढीग पार लिफ्टपर्यंत. त्या वर्षी मी जायला तयार नव्हते. झांजा वाजल्या की शरू कान झाकून किंचाळायची. महेश म्हणाला, "चल गो. मी गावाक जाऊक नाय, आवशीक बघूक नाय. निदान आरतेक तरी उभो रवतंय."

आरतीच्या वेळी मी शरूला घेऊन आतल्या खोलीत गेले, दार लावलं, तिच्या कानांवर माझे तळवे ठेवले. आरती संपली. बाहेर शांत झालं. मग तात्यांचा खालच्या पट्टीतला आवाज आला.

"बा देवा गणपती म्हाराजा, आज ह्या परमुलखात तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमलेली आसत, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

शरू माझ्या हातांतून सुटली आणि दार उघडून उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. मी तिला मागे ओढायला गेले, पण ती किंचाळत नव्हती. मान तिरकी करून ऐकत होती.

"जी काय मोडकी-तोडकी सेवा केलेली आसा, ती गोड मानून घी, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा!"

"गावाक आवस-बापूस वाट बघतत, तेंका सुखात ठेव, म्हाराजा..."

या मागण्यावर मंडळी अडखळली. कुणी खाकरलं, कुणी डोळे पुसले. ती जागा रिकामी राहिली आणि तिच्यात एक बारीक, लांबवलेला आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

कुणाचा आवाज, ते मला आधी कळलंच नाही. आईला मुलीचा आवाज ओळखता आला नाही. सगळे वळून बघायला लागले तेव्हा कळलं.

तात्यांचं मोठेपण असं, की त्यांनी 'अरे वा' केलं नाही, तिच्याकडे बघितलंही नाही. गणपतीकडेच तोंड ठेवून त्यांनी हाताने सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. गाऱ्हाणं खरं म्हणजे तिथे संपत आलं होतं. त्यांनी ते पुढे ओढलं.

"आणि म्हाराजा, अर्बाबाक, आमच्या मालकाक, चांगली बुद्धी दी, पोरांका येळेर रजा मिळांदे, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," शरू म्हणाली.

"ह्या बिल्डिंगीचो एसी सारखो बंद पडता, तो चालू रवांदे, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आमच्या महेशाची सूरची साइट बेगीन संपांदे, म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

माणसांनी भरलेल्या त्या खोलीत एकजण हलला नाही. महेश भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

काखेत कळसा

गाडीत मी विचारलं, "तू शिकवलंस?"

"नाय गो," तो म्हणाला. मग गाडी बाजूला घेतली. "फोनार तिच्याशी इंग्लिशमधून काय बोलू? हाऊ आर यू म्हटलंय की माझा संपता. मगे गाऱ्हाणा घालूक लागलंय. आज शरून भात खाल्ल्यान, म्हाराजा. आज शरू न्हाताना रडूक नाय, म्हाराजा. आणि व्हय म्हाराजा पण माझा मीच म्हणतंय. तुका सांगलंय असतंय तर तू फोन काढून घेतलं असतंस."

घेतला असता, खरंच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हे. कुकरच्या शिट्ट्यांपलीकडे माझ्याच घरात रोज संध्याकाळी कोर्ट भरत होतं आणि मला पत्ता नव्हता. मी हसले, मग रडले, मग मला चक्क हेवा वाटला. तिने पापाची भाषा उचलली होती. माझी उचलायला मी ती ठेवलीच नव्हती.

थेरपिस्टना सांगितलं तर त्यांना आनंद झाला, पण त्यांनी मला जमिनीवर आणलं. "हे उत्तर नाही. ऐकलेलं ती परत म्हणते आहे. अर्थ तिला कळला असं समजू नका." आणि भाषेचं? "अजून काही महिने इंग्रजीच ठेवा. आत्ता कुठे रुळावर येतेय."

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून असेल. पण ती नुसतं परत म्हणत नव्हती. बरोबर तिची पाळी आल्यावर म्हणत होती. दुसऱ्याचं बोलून होईपर्यंत थांबायचं आणि मग आपण बोलायचं, हेच तर मी इतके दिवस मागत होते.

माझं गाऱ्हाणं

महेश परत सूरला गेला. त्या आठवड्यातली एक संध्याकाळ. शरू खिडकीशी उभी होती, फिल्म काचेला लावून. मावळतीचं ऊन तिच्या मेंदूतून तिच्या तोंडावर पडलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारातून हाक मारली, "शरू." काही नाही. पुन्हा मारली. काही नाही.

मग मी पदराला हात पुसले आणि तिच्या मागे जाऊन बसले. बायकांनी गाऱ्हाणं घालायचं असतं की नाही, मला माहीत नाही. माझी मालवणी ऐकून महेशच्या गावचा देवही हसला असता.

"बा देवा म्हाराजा," मी म्हटलं, "ही साताऱ्याची बाई तुका हाक मारता, म्हाराजा..."

आणि थांबले. एसी गुणगुणत होता. शरूने फिल्म थोडी सरळ केली.

"व्हय म्हाराजा."

ती वळली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. पण मी बोलले होते आणि तिने ओ दिली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"आज शरून सगळी आमटी खाल्ल्यान, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

पुढचं वाक्य मला मालवणीत येईना. इंग्रजीत तर ते येण्यासारखं नव्हतंच. खूप दिवस गिळलेलं होतं ते आपल्या आपण वर आलं, साताऱ्याच्या मराठीत, माझ्या आईच्या आवाजात.

"मला हिच्याशी खूप बोलायचंय, महाराजा. आजपासून मी माझ्या भाषेत बोलणार आहे, महाराजा."

ऐकलेलंच परत म्हणते, अर्थ कळत नाही, हे मला पाठ होतं. तरी मी वाट बघितली.

"व्हय म्हाराजा," शरू म्हणाली.